छापील मजकूर बोटाने वाचण्याचे साधन : ऑप्टाकॉन आणि त्यानंतर काय?

कृष्णाकाठ :

नमस्कार. माझे थोरले बंधू जन्मांध असून एका पतसंस्थेत अनेक वर्षे नोकरी करत आहेत. शाळेत जडलेला ब्रेलचा सराव त्यांनी पुढे कधी सुटू दिला नाही आणि मराठी ब्रेल ते झरझर वाचतात. कार्यालयात आतापर्यंत संगणकावरचा पडदावाचक (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली) आणि कागदाचा फोटो घेऊन तो वाचून दाखवणारे मोबाइल ॲप, या दोहोंवर त्यांचे काम भागत होते. परंतु अलीकडे त्यांची श्रवणशक्ती उतरू लागली आहे. श्रवणयंत्र लावूनही कार्यालयाच्या गलबल्यात यंत्राचा आवाज त्यांना नीट कळत नाही, आणि एकोणसाठ व एकोणसत्तर यांतला फरक कानांवर सोडणे पतसंस्थेत परवडणारे नाही. त्यांच्यासमोर येणारा कागद म्हणजे पावत्या, धनादेश, वसुलीच्या याद्या, सहकार खात्याची पत्रे. हे सगळे छापील असते आणि ब्रेलमध्ये कोणी करून देत नाही.

त्यांच्या एका ज्येष्ठ अंध मित्राने ऑप्टाकॉन नावाच्या यंत्राविषयी सांगितले. छापील ओळीवरून लहानसा कॅमेरा फिरवायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाखाली ती अक्षरे जशीच्या तशी उमटताना जाणवायची, असे त्याचे वर्णन होते. असे यंत्र खरोखर होते का, आज ते जुने तरी मिळेल का, आणि देवनागरीसाठी त्याचा उपयोग होईल का, हे जाणकारांनी सांगावे. ते शक्य नसेल, तर आवाजाची मदत न घेता रोजचा छापील कागद वाचण्याचा आज कोणता व्यवहार्य मार्ग आहे, हेही कळावे.

सांताक्लाराकर :

मित्राने दिलेली माहिती खरी आहे. हे यंत्र होते, आणि १९७१ पासून १९९६ पर्यंत त्याचे उत्पादन चालू होते. मी येथे कॅलिफोर्नियात इलेक्ट्रॉनिक्सच्या क्षेत्रात काम करतो. ऑप्टाकॉनचा जन्म आमच्या शेजारचाच असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकवणारे प्राध्यापक जॉन लिनव्हिल यांची मुलगी कँडी हिची दृष्टी लहानपणीच गेली होती, आणि तिच्यासाठी पुस्तके ब्रेलमध्ये उतरवण्याचे काम तिची आई करत असे. १९६२ साली युरोपात असताना लिनव्हिल यांनी जर्मनीत आयबीएमकडे एक वेगवान छपाईयंत्र पाहिले. त्यात बारीक टोके कागदावर आदळत आणि त्यांच्या ठिपक्यांतून अक्षर तयार होई. त्या टोकांवर कागदाऐवजी बोट टेकवले तर त्वचेला अक्षर कळेल, हे त्यांच्या मनात आले आणि पुढची काही वर्षे त्यांनी या कल्पनेच्या मागे घातली. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधील जेम्स ब्लिस हे स्पर्शज्ञानावर आधीच संशोधन करत होते. ते या कामात आले आणि पुढे टेलिसेन्सरी सिस्टिम्स ही कंपनी स्थापन होऊन यंत्र बाजारात आले. कँडी स्वतः याच यंत्रावर छापील पुस्तके वाचून स्टॅनफर्डमध्ये शिकली आणि मानसशास्त्रज्ञ झाली.

यंत्राची रचना अशी होती. उजव्या हातात चाके लावलेला छोटा कॅमेरा असे, आणि त्यात प्रकाश टिपणारी १४४ सूक्ष्म केंद्रे २४ ओळी व ६ स्तंभांत मांडलेली असत. डावा हात टेपरेकॉर्डरएवढ्या पेटीत घालून तर्जनी एका खाचेत ठेवायची. त्या खाचेच्या तळाशी तशाच २४ ओळी व ६ स्तंभांत १४४ बारीक पिना असत, आणि ही सगळी जागा जेमतेम एक इंच लांब व अर्धा इंच रुंद. कॅमेऱ्याच्या ज्या केंद्राखाली काळी शाई येई, त्याच्या जोडीची पिन थरथरू लागे. पिना नुसत्या वर न उचलता सेकंदाला सुमारे २३० वेळा कंप पावत ठेवलेल्या होत्या, आणि यामागे शरीरशास्त्र आहे. स्थिर दाबाची त्वचेला लवकर सवय होते व तो जाणवेनासा होतो. याउलट बोटाच्या त्वचेखालची कंपने टिपणारी केंद्रे सेकंदाला दोनशे ते तीनशेच्या आसपासच्या कंपनाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. पिना हलवण्यासाठी पिझोइलेक्ट्रिक पट्ट्या वापरल्या होत्या. वीज दिली की ही पट्टी किंचित वाकते. आजच्या बहुतेक ब्रेल डिस्प्लेंमध्ये, म्हणजे संगणकातला मजकूर बोटाखाली ब्रेलमध्ये उमटवणाऱ्या यंत्रांमध्ये, टिंबे वर उचलली जातात तीही याच जातीच्या पट्ट्यांनी.

आता मुद्द्याचे. ऑप्टाकॉनला अक्षर ओळखता येत नव्हते. कागदावर जे दिसले ते तो बोटाखाली ठेवत असे आणि ते काय आहे हे ठरवणे सर्वस्वी वाचकाचे काम असे. या एकाच गोष्टीत त्याचे सगळे गुण आणि सगळे दोष आहेत. लिपी कोणतीही असो, गणिताचे समीकरण असो, संगीताची स्वरलिपी असो किंवा परिपथाची आकृती असो, यंत्राला काहीच शिकवावे लागत नसे. टंकलेखन यंत्रात अडकवलेला कागद किंवा संगणकाचा पडदा वाचण्यासाठी वेगळी भिंगे मिळत, आणि काळ्यावर पांढरी अक्षरे असतील तर उलट करण्याचे बटण होते. अंध लोकांना संगणक प्रोग्रामिंगच्या नोकऱ्या करता आल्या त्यात या यंत्राचा वाटा मोठा होता, कारण बोलणारे पडदावाचक त्या वेळी अजून यायचे होते.

दोषही तितकेच ठळक होते. सराव करूनही बहुतेकांचा वेग मिनिटाला तीस ते पन्नास शब्दांच्या आसपास राही. शंभरापर्यंत पोचणारे विरळा. शिकण्यासाठी दोन आठवड्यांचे सलग प्रशिक्षण आणि नंतर महिनोन्‌महिन्यांचा सराव लागे, आणि किंमत काही हजार डॉलर असल्यामुळे शासकीय किंवा संस्थेच्या मदतीशिवाय ते घेणे कठीण होते. १९७६ साली अमेरिकन संशोधक रे कुर्झवाइल यांचे छापील पान स्वतः ओळखून मोठ्याने वाचणारे यंत्र आले. ते सुरुवातीला अवाढव्य व महाग होते, पण पुढच्या वीस वर्षांत स्कॅनर, अक्षरओळख आणि कृत्रिम आवाज हे तिन्ही स्वस्त झाले. ऑप्टाकॉनची मागणी घटली आणि उत्पादन थांबले. टेलिसेन्सरीही २००५ मध्ये बंद झाली. कान चांगले असलेल्या वाचकाच्या दृष्टीने हा बदल फायद्याचाच ठरला. बधिरांध वाचकाच्या हातून मात्र एक स्वतंत्र साधन गेले आणि त्याची पुरती भरपाई अजून झालेली नाही, असे माझे मत आहे.

जुने यंत्र घेण्याचा सल्ला मी देणार नाही. पिनांचा संच, कॅमेऱ्याची नाजूक केबल, बॅटरी यांपैकी काही निकामी झाले तर सुटा भाग कोठून आणणार? छंद म्हणून जपणाऱ्याची गोष्ट वेगळी. ज्यावर नोकरी अवलंबून आहे ते साधन असे असू नये.

सहाटिंब :

मी स्वतः दृष्टिहीन आहे आणि मुंबईत नोकरी करते. ऑप्टाकॉन मला एका परिचितांकडे हाताळायला मिळाला होता, त्यामुळे देवनागरीविषयी जे विचारले आहे त्याला अनुभवाने उत्तर देता येईल.

ब्रेल वाचणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो बोट स्थिर ठेवण्याचा. ब्रेलमध्ये आपले बोट सरकते आणि टिंबे जागच्या जागी असतात. येथे बोट निश्चल असते आणि अक्षर त्याखालून उजवीकडून डावीकडे सरकत जाते. सहा स्तंभांची ती चिंचोळी खिडकी असल्यामुळे पूर्ण अक्षर एका क्षणी हाती लागतेच असे नाही. उभी रेघ आली, मग पोकळी, मग गोलाई, असे तुकडे मनात जोडावे लागतात. कॅमेरा किंचित तिरपा गेला की अक्षराचे डोके किंवा पाय कापला जातो. थोड्या वेळाने बोट बधिर झाल्यासारखे होते, तेव्हा थांबावे लागते.

मराठी पान लावले तेव्हा दोन गोष्टी कळल्या. शिरोरेषेमुळे वरच्या भागातील पिना शब्दभर सतत थरथरत राहतात. ओळ सुटली की नाही हे त्यावरून छान कळते, परंतु त्या कंपनाच्या लगत असलेला बारीक तपशील दबून जातो. दुसरे असे की वरच्या मात्रा, अनुस्वार, रफार आणि खालचे उकार हे सगळे चोवीस ओळींत मावायला हवे असेल, तर प्रतिमा लहान करावी लागते, आणि मग मूळ अक्षराच्या वाट्याला त्यांतल्या निम्म्याच ओळी येतात. घ आणि ध, भ आणि म वेगळे काढताना माझी दमछाक झाली. जोडाक्षरांविषयी न बोललेले बरे. इंग्रजी मोठ्या अक्षरांत हा त्रास पुष्कळच कमी होता.

आणखी एक मोठी अडचण आहे, ती यंत्राची नाही. आपले बंधू जन्मांध आहेत, म्हणजे देवनागरी अक्षरांचे आकार त्यांनी कधी पाहिलेले नाहीत. आपले भारती ब्रेल, म्हणजे भारतीय भाषांसाठीचे ब्रेल, उच्चाराच्या क्रमाने चालते. ‘कि’ लिहिताना आधी क आणि मग इकाराचे चिन्ह येते. छापील अक्षरात वेलांटी आधी भेटते. जोडाक्षरासाठी ब्रेलमध्ये चार क्रमांकाचे टिंब आधी देऊन दोन्ही व्यंजने पूर्ण लिहिली जातात, तर छापील जोडाक्षर ही दर वेळी एक नवीच आकृती असते. प्रतिमा दाखवणारे कोणतेही यंत्र आणले तरी त्यांना आधी एक नवी लिपी शिकावी लागेल.

म्हणून आज मी जे वापरते तेच सुचवते : मोबाइलने अक्षर ओळखायचे आणि ते ब्रेल डिस्प्लेवर बोटाने वाचायचे. आयफोनमधील व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडमधील टॉकबॅक हे दोन्ही पडदावाचक ब्लूटूथने ब्रेल डिस्प्लेला जोडता येतात, आणि आवाज पूर्ण बंद ठेवूनही काम करता येते. संगणकावर मोफत मिळणारा एनव्हीडीए हा पडदावाचक आहे, आणि ज्या लिबलुई या मुक्त सॉफ्टवेअरच्या आधारे तो मजकुराचे ब्रेल करतो त्यात मराठी अक्षरांचे ब्रेल करण्याची सारणी उपलब्ध आहे. वीस सेलचे, म्हणजे एका वेळी ब्रेलची वीस चिन्हे दाखवणारे, डिस्प्ले तुलनेने स्वस्त आहेत. मुंबईच्या इनोव्हिजनचे ब्रेलमी, ऑर्बिट रीडर २०, आणि आयआयटी दिल्लीच्या प्रयत्नातून २०१९ मध्ये आलेले डॉटबुक ही नावे पाहावीत. चाळीस सेलचा डिस्प्ले वाचायला अधिक सुखद असतो, परंतु किंमत पुष्कळ वाढते. पतसंस्थेच्या याद्यांसाठी तो खर्च मला योग्य वाटेल, कारण नाव, खातेक्रमांक आणि रक्कम एकाच ओळीत बोटाखाली आली तर चूक होण्याची शक्यता कमी होते.

ही वाट निर्दोष आहे असे मात्र समजू नये. अक्षरओळख करणारे ॲप तक्ता पाहिला की गोंधळते. कधी आडव्या ओळी वाचते, कधी पूर्ण स्तंभ खाली वाचत जाते, आणि मग कोणाची रक्कम कोणापुढे लागली हे कळत नाही. हुंडीवरचा किंवा पावतीवरचा रबरी शिक्का छापील मजकुरावर आला असेल तर तेथे निरर्थक अक्षरे येतात. आकड्यांच्या बाबतीत माझा नियम असा आहे की कागद फिरवून, थोडा उजेड बदलून दुसरा फोटो घ्यायचा, आणि दोन्ही वेळा तीच रक्कम आली तरच ती धरायची. बेरीज दिलेली असेल तर ती करून पाहायची.

कृष्णाकाठ :

दोघांचेही मनःपूर्वक आभार. वरील उत्तरे मी बंधूंना ब्रेलमध्ये काढून दिली. त्यांची एक शंका आहे, ती त्यांच्याच शब्दांत देतो : “मजकूर मला मिळेल हे समजले. पण कागदावर सही आहे की नाही, शिक्का कोठे आहे, कोणता रकाना कोरा आहे, हे मला बोटाने कळेल का? कारण अर्ज परत पाठवायचा की स्वीकारायचा हे बहुतेक वेळा त्यावरच ठरते.”

सांताक्लाराकर :

बंधूंनी अगदी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. ऑप्टाकॉन वापरणारे लोक त्याची आठवण काढतात ती याच कारणाने. सहीचे अक्षर लागले नाही तरी तेथे शाईची वळणे आहेत आणि शेजारचा रकाना कोरा आहे, हे त्यांना स्वतःच्या बोटाने कळत असे. ओळखणारे ॲप मजकूर देते आणि पानाची मांडणी गाळते.

ही उणीव भरून काढू पाहणारी नवी साधने आली आहेत, ती म्हणजे अनेक ओळींचे स्पर्शपट. कोरियातील डॉट पॅडवर ६० × ४० अशा २४०० पिनांचा पट असून त्याखाली मजकुरासाठी वेगळी ब्रेल ओळ आहे. अमेरिकन प्रिंटिंग हाउस फॉर द ब्लाइंड आणि ह्युमनवेअर यांच्या मोनार्कवर ९६ × ४० अशा ३८४० पिना आहेत, म्हणजे ब्रेलच्या दहा ओळी एकदम किंवा तेवढ्या जागेत आकृती. कागदाचा फोटो अशा पटावर उमटवला तर रकाने, चौकटी आणि शिक्क्याची जागा बोटाने तपासता येईल. पण त्यांची किंमत सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेर आहे, आणि ती मुख्यतः शाळांतील आकृत्या, नकाशे व पाठ्यपुस्तके डोळ्यांपुढे ठेवून बनवली आहेत. पतसंस्थेच्या अर्जाचा विचार त्यांत कोणी केलेला दिसत नाही. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात बोटात अंगठीसारखा घालायचा कॅमेरा झाला होता. बोट ओळीवरून घसरले तर तो कंपनाने सावध करत असे, परंतु शब्द मात्र बोलूनच दाखवत असे. तेथील विद्यार्थिनींच्या एका गटाने छापील ओळीवर ठेवताच तिचे ब्रेल करणारे हातात मावेल असे उपकरणही बनवले. दोन्ही कल्पना मला आवडतात. दुकानात जाऊन विकत घेता येईल, असे त्यांचे रूप मात्र मी पाहिलेले नाही.

बोटांची शाळा :

मी बधिरांध मुलांना आणि प्रौढांना शिकवते. वरील तांत्रिक माहितीशी सहमत आहे, तरी जन्मांध माणसाला छापील अक्षरांचे आकार शिकवणे म्हणजे जणू अकारण भार, असा जो सूर वर लागला आहे तो मला मान्य नाही. बधिरांध व्यक्तीशी अनोळखी माणसाला बोलायचे असते तेव्हा तळहातावर बोटाने छापील अक्षरे गिरवणे हा सर्वांत सोपा मार्ग असतो, कारण त्यासाठी समोरच्याला ब्रेल यावे लागत नाही. आपल्या बंधूंची श्रवणशक्ती पुढे आणखी कमी झाली तर कार्यालयातील शिपाई किंवा खातेदार तळहातावर ‘नंतर या’ एवढे दोन शब्द लिहू शकेल, आणि ते त्यांना कळले तर त्यांची पुष्कळ अडचण दूर होईल. निदान अंक आणि स्वतःच्या कामातली पन्नासएक अक्षरे उठावाच्या पाट्यांवर आतापासून शिकावीत. ऐकू येते आहे तोवर हे शिकवणे फार सोपे जाते.

सही आणि शिक्क्याविषयी कार्यालयातच करता येण्याजोगे काही उपाय आहेत. अर्जाचा नमुना ठरावीक असेल तर जाड पुठ्ठ्याची एक जाळी कापून घ्यावी, जिच्यात सही, रक्कम, दिनांक यांच्या जागी खिडक्या असतील. अर्ज जाळीत बसवून एकेका खिडकीपुरता फोटो घेतला तर ॲपला एकाच रकान्याचा मजकूर मिळतो आणि तक्त्याचा गोंधळ टळतो. खिडकीत काहीच सापडले नाही, तर तो रकाना कोरा असण्याची शक्यता आहे असे धरून तेवढीच जागा सहकाऱ्याकडून तपासून घ्यावी. बॉलपेनने जोर देऊन केलेली सही कागदाच्या मागच्या बाजूने बोटाला पुष्कळदा लागते. हा जुना उपाय त्यांना बहुधा ठाऊक असेलच. मोबाइल हातात धरण्याऐवजी ठरावीक उंचीच्या स्टँडवर ठेवावा आणि टेबलावर कागदाचे दोन कोपरे बसतील अशी लाकडी पट्टी चिकटवावी, म्हणजे कडा सुटण्याचा प्रश्न राहत नाही.

डिस्प्लेविषयी एक सूचना. ‘कागदाची कड दिसत नाही’ अशा प्रकारचे निरोप पडदावाचक ब्रेलमध्येही दाखवतो, पण ते क्षणभर येऊन जातात आणि ऐकू न येणाऱ्याला चुकतात. आयफोनच्या सेटिंगमध्ये हे निरोप किती वेळ टिकावेत ते वाढवता येते. ते पहिल्याच दिवशी करून घ्यावे.

मुंबईतील हेलन केलर इन्स्टिट्यूट फॉर डेफ अँड डेफब्लाइंड ही संस्था १९७७ पासून बधिरांध व्यक्तींसाठी काम करते आहे. तेथे एकदा भेट द्यावी. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात बधिरांधत्वाचा स्पष्ट उल्लेख बहुविकलांगतेखाली आहे आणि कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करावयाचे असते. पतसंस्थेच्या व्यवस्थापनाशी डिस्प्लेच्या खर्चाविषयी बोलताना आधी त्या धोरणाची प्रत मागावी. खरेदीपूर्वी वीस आणि चाळीस सेलचे दोन्ही डिस्प्ले बंधूंच्या हाती देऊन, त्यांच्याच कार्यालयातील खऱ्या वसुली यादीवर अर्धा दिवस काम करून पाहू द्यावे. विक्रेत्याने प्रात्यक्षिकासाठी आणलेली स्वच्छ इंग्रजी फाइल कोणत्याही यंत्रावर उत्तमच वाचता येते.

कृष्णाकाठ :

जाळीची कल्पना बंधूंना फार पसंत पडली आहे. कर्ज अर्जाचा नमुना घेऊन ते सुताराकडे जाणार आहेत, कारण पुठ्ठा पावसाळ्यात टिकणार नाही असे त्यांचे म्हणणे आहे. डिस्प्लेच्या चाचणीसाठी वसुलीची यादी कार्यालयाबाहेर नेता येणार नाही, तेव्हा विक्रेत्यालाच पतसंस्थेत बोलावण्याची परवानगी व्यवस्थापकांकडे मागितली आहे.

सहाटिंब :

सुताराला खिडक्यांच्या कडा आतून तासायला सांगा. जाड लाकडाची सावली रकान्यावर पडली तर पहिले अक्षर जाते. तीन मिलिमीटरचे प्लायवूड पुरेल, आणि प्रत्येक खिडकीच्या डावीकडे तिचे नाव ब्रेलच्या चिकटपट्टीवर लावता येईल एवढी जागा सोडायला सांगा.